शेकडा ३ रुपये व्याज नक्की किती पडतं? मोबाईलवर पायथनने असा करा हिशेब

पेरणीच्या तोंडावर अनेकजण हातउसने पैसे घेतात. 'शेकडा ३' ऐकायला कमी वाटतं. पण हा दर महिन्याचा असतो, म्हणजे वर्षाला ३६ टक्के! हा हिशेब आपला आपण मोबाईलवर करता येतो. त्यासाठी पायथन ही संगणकाची भाषा उपयोगी पडते. १९९१ मध्ये आलेली ही भाषा मोफत आहे.

सुरुवात कशी कराल?
मोबाईलच्या ब्राउझरमध्ये 'गुगल कोलॅब' शोधा, जीमेलच्या खात्याने लॉगइन करा आणि नवीन नोटबुक उघडा. गणित गुगलच्या संगणकावर होतं, त्यामुळे साधा फोनही चालतो. फक्त इंटरनेट हवं.

पहिलं गणित
५० हजार रुपये घेतले, २४ महिने काहीच फेडलं नाही. साध्या व्याजाने महिन्याला १,५०० रुपये चढतात. चौकटीत लिहा:

५०००० + १५०० * २४

बाजूचं त्रिकोणी बटण दाबा. उत्तर येईल ८६०००. आता व्याजावर व्याज धरलं तर:

५०००० * १.०३ ** २४

उत्तर जवळपास १ लाख १ हजार ६४० रुपये. २४ च्या जागी २३ टाकून बघा, ९८ हजार ६७९ येतात. म्हणजे २४ व्या महिन्यात कर्ज दुप्पट झालं.

इथे चुका होतात
• आकडे इंग्रजी कीबोर्डनेच टाका. मराठी आकडे चालत नाहीत.
• एक फुली म्हणजे गुणाकार नाही, त्यासाठी एक चांदणी (*). घातासाठी दोन चांदण्या (**). घातासाठी ^ वापरू नका. २^३ लिहिलं तर ८ ऐवजी १ येतो आणि चूकही दाखवत नाही.
• ५०,००० असा स्वल्पविराम टाकू नका. पायथन त्याला ५० आणि ० असे दोन आकडे समजतो.

ग्राफ कसा काढायचा?
त्यासाठी 'मॅटप्लॉटलिब' लागते, ती कोलॅबमध्ये आधीच असते. 'इम्पोर्ट' लिहून ती बोलवायची. मग दोन याद्या करायच्या, एकीत महिने आणि दुसरीत थकबाकी. महिन्यांसाठी 'रेंज' वापरा. त्याला ३७ दिलं की ० ते ३६ मिळतात, शेवटचा आकडा तो धरत नाही. दोन्ही याद्या 'प्लॉट'ला दिल्या की रेघ तयार.

साध्या व्याजाची रेघ सरळ जाते, चक्रवाढीची वर वळत जाते. १२ व्या महिन्यात दोन्हींत फरक फक्त ३,२८८ रुपयांचा. ३६ व्या महिन्यात तोच जवळपास ४१ हजारांचा! तोंडी हिशेबात हा फरक लक्षात येत नाही, ग्राफवर लगेच दिसतो.

त्यामुळे पैसे घेण्याआधी दोनच गोष्टी विचारा: दर महिन्याचा की वर्षाचा? आणि व्याजावर व्याज आहे का? उत्तर मिळालं की आकडे बदला आणि मगच सही करा.