डिस्कचा सातबारा

जुन्या मासिकांची स्कॅन केलेली पाने ठेवायला मी घरीच एक सर्व्हर उभा केला. त्यांतल्या काही अंकांचे मूळ कागद पुढे वाळवीने खाल्ले. चार टेराबाइटची डिस्क जोडली, तर यंत्र जेमतेम निम्मीच जागा वापरू देईना. दुकानदाराला बोल लावून झाला. चूक माझ्याच निवडीत होती.

डिस्कचे भाग पाडले की त्यांची नोंद डिस्कवरच, अगदी सुरुवातीला होते. हा तिचा सातबाराच म्हणा. 'एमबीआर' ही नोंदीची जुनी पद्धत १९८३ सालची; आयबीएमच्या पीसी एक्सटीत तेव्हा १० मेगाबाइटची डिस्क असे. तिच्यात मुख्य गट चारच, आणि प्रत्येकाचा आरंभ व लांबी ३२ बिटांच्या आकड्यात लिहायची. ५१२ बाइटांचा सेक्टर धरला तर हा आकडा सुमारे २.२ टेराबाइटपाशी संपतो. पुढची जमीन असते, पण पडीक.

'जीपीटी'त आकडा ६४ बिटांचा, गट सहसा १२८ पर्यंत. मला मोलाची वाटते ती वेगळीच सोय. नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते आणि दोन्ही प्रतींत पडताळणीचा आकडा असतो. एमबीआरचा तो एकमेव सेक्टर बिघडला, तर पाने जागच्या जागी असूनही कोणता गट कुठून सुरू होतो हे यंत्राला कळत नाही. जीपीटीत शेवटची प्रत पाहून पहिली पुन्हा लिहिता येते. काही जुनी यंत्रे जीपीटीवरून सुरू होत नाहीत; नुसत्या साठवणीच्या डिस्कला ती अडचण नाही.

मी सगळे उतरवून घेतले आणि डिस्क नव्याने आखली. उतरवलेली प्रत पुसली नाही. सातबाऱ्याची नक्कल म्हणजे पीक नव्हे.