शर्यतीच्या घोड्याच्या नाकातून रक्त का येते?

१ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, इंग्लंडमध्ये एक शिंगरू जन्मले. ग्रहणावरूनच त्याचे नाव 'एक्लिप्स' ठेवण्यात आले. हा घोडा पुढे एकही शर्यत हरला नाही. त्याचा पणजोबा 'बार्टलेट्स चाइल्डर्स' याला मात्र शर्यतीत कधी उतरवता आले नाही, कारण जोरात धावले की त्याच्या नाकातून रक्त येई.

हे रक्त नाकातले नसून फुप्फुसातले असते. पुष्कळ वर्षे हा विकार क्वचित आढळणारा समजला जाई. पुढे लवचिक दुर्बीण नाकावाटे श्वासनलिकेत उतरवून आत पाहणे शक्य झाले. शर्यतीनंतर अशी तपासणी केली, तेव्हा निम्म्याच्या आसपास घोड्यांच्या श्वासनलिकेत रक्ताचा अंश दिसला. नाकापर्यंत रक्त येणारे घोडे थोडे. आतल्या आत रक्तस्राव होणारे पुष्कळ! मग याला एखाद्या घोड्याचे दुखणे कसे म्हणावे? त्याचे मूळ धावण्यातच असले पाहिजे.

ते समजण्यासाठी फुप्फुसाची रचना आठवा. फुप्फुसात हवेचे असंख्य सूक्ष्म कोश असतात आणि त्यांना केशवाहिन्यांचे जाळे लपेटलेले असते. हवा आणि रक्त यांच्यामधला पडदा कित्येक ठिकाणी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो. तो पातळ असलाच पाहिजे. जाड झाला तर ऑक्सिजन रक्तात पुरेशा वेगाने शिरणार नाही. पण पातळ पडदा दाबाने फाटण्याची भीती असते. निसर्गापुढचा पेच नेमका हाच आहे.

आता दाबाकडे वळू. स्वस्थ उभ्या घोड्याच्या हृदयाचे ठोके मिनिटाला ३० ते ४० असतात. चौखूर धावताना ते २४० पर्यंत जातात आणि हृदय मिनिटाला सुमारे ३०० लिटर रक्त ढकलते. भागाकार करून पाहा: दर ठोक्याला सव्वा लिटर! एका ठोक्याला वेळ मिळतो पाव सेकंद. त्यातला साधारण निम्मा वेळ हृदय आकुंचन पावण्यात जातो. म्हणजे फुप्फुसाकडून आलेले सव्वा लिटर रक्त हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यात सेकंदाच्या आठव्या भागात शिरले पाहिजे. इतक्या घाईने कप्पा भरायचा तर मागून जोराचा रेटा हवा. त्यामुळे हृदयाच्या डाव्या वरच्या कप्प्यातील दाब पाऱ्याच्या सुमारे ७० मि.मी.पर्यंत चढतो. शिवाय प्लीहा आकुंचन पावून राखीव तांबड्या पेशी रक्तात सोडते. त्यामुळे रक्त दाट होते आणि ते पुढे ढकलणे आणखी जड जाते.

हृदयाकडून फुप्फुसाकडे रक्त नेणाऱ्या रोहिणीत विश्रांतीच्या वेळी सुमारे २५ मि.मी. दाब असतो, धावताना तो १०० च्याही वर जातो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड आहे. म्हणून १०० मि.मी. पारा म्हणजे १३६ सें.मी. उंचीचा पाण्याचा स्तंभ, मोठ्या माणसाच्या खांद्याइतका. रोहिणी आणि हृदयाचा वरचा कप्पा यांच्या मध्ये केशवाहिन्या आहेत. त्यांच्यातील दाबही मधलाच, म्हणजे ९० मि.मी.च्या आसपास असणार.

हा दाब भिंतीला किती ताणतो? नळीच्या भिंतीतील ताण काढण्यासाठी आतील दाबाला त्रिज्येने गुणून जाडीने भागायचे. केशवाहिनीची त्रिज्या ३.५ मायक्रोमीटर आणि भिंतीची जाडी ०.३ मायक्रोमीटर धरा. गुणोत्तर सुमारे १२ येते. ९० मि.मी. म्हणजे १२,००० न्यूटन प्रति चौरस मीटर. १२ पट केल्यास १,४४,०००. वातावरणाच्या दाबाहूनही जास्त ताण! त्यातच जोराने श्वास घेताना छातीतील दाब कमी होऊन भिंत बाहेरूनही ओढली जाते. अमेरिकेतील शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन वेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये धावलेल्या घोड्यांच्या फुप्फुसांत या भिंतींना पडलेल्या चिरा इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिल्या.

उपाय कोणता? अमेरिकेत शर्यतीपूर्वी सुमारे चार तास घोड्याला फ्युरोसेमाइड या मूत्रल औषधाचे इंजेक्शन देण्याची प्रथा पडली. मूत्रपिंडात गाळलेले मीठ रक्तात परत घेतले जाते, त्यात हे औषध अडथळा आणते. मीठ लघवीवाटे जाते, त्याबरोबर पाणीही जाते. रक्तातील द्रव कमी झाला की हृदयाकडे परतणाऱ्या रक्ताचा रेटा घटतो आणि फुप्फुसातील दाब थोडा उतरतो. उतार मोठा नसतो. पण भिंत फाटण्याच्या सीमेवर असेल, तर थोडा उतारही मोलाचा ठरतो.

याची कसोटी दक्षिण आफ्रिकेत घेण्यात आली. तिचा अहवाल २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. १६७ घोडे प्रत्येकी दोनदा धावले, एकदा औषध घेऊन आणि एकदा नुसते मिठाचे पाणी टोचून. कोणाला काय दिले हे तपासणाऱ्यांना ठाऊक नव्हते. औषध दिले तेव्हा रक्तस्राव स्पष्टपणे कमी आढळला. प्रत्येक घोड्याची तुलना त्याच्याशीच केली, हे या प्रयोगाचे खरे बळ.

मग वाद कशाचा? पाण्याबरोबर घोड्याचे वजनही दहा किलो किंवा त्याहून अधिक उतरते. ५०० किलोच्या घोड्यात हे दोन टक्के झाले. काही शर्यतींत सरस घोड्याच्या पाठीवर मुद्दाम काही किलो जादा वजन ठेवून स्पर्धा बरोबरीची करतात, हे लक्षात घेतले म्हणजे दहा किलोंचे महत्त्व कळेल. शिवाय लघवी पातळ झाल्याने तिच्यातील इतर औषधे पकडणे अवघड होते; मानवी खेळाडूंना मूत्रल औषधांची बंदी आहे ती याचमुळे. ब्रिटनसारख्या अनेक देशांत शर्यतीच्या दिवशी हे औषध चालत नाही. अमेरिकेतही २०२१ ची केंटकी डर्बी त्याच्याशिवाय झाली. पुढे २०२३ मध्ये लागू झालेल्या देशव्यापी नियमांनी दोन वर्षांच्या घोड्यांच्या आणि मानाच्या शर्यतींत ते बंद केले.

एक बाजू म्हणते, रक्तस्राव कमी करणारे औषध नाकारणे ही घोड्याशी निर्दयता आहे. दुसरी म्हणते, औषधाशिवाय ज्याला धावता येत नाही त्याला धावायला लावणे हीच निर्दयता. शिवाय अशा घोड्यांची पैदास केल्यास दोष पुढच्या पिढ्यांत उतरेल.

मित्रांनो, औषध काम करते की नाही, याचे उत्तर प्रयोगाने दिले. ते द्यावे की नाही, याचे उत्तर दुर्बिणीत दिसणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या निवड करून माणसाने घोड्याचे हृदय आणि स्नायू बलवान केले. तो पातळ पडदा मात्र पातळच राहिला. वेगाची हौस आपली आहे आणि ताण त्या पडद्यावर पडतो. तुम्ही पंच असता तर काय ठरवले असते? वर्गात दोन बाजू करून वाद घाला, पण त्याआधी वरचे गणित एकदा स्वतः करून पाहा.