नऊ एकांचा वर्ग

१२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तीच. अंक सतरा. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त दिलेल्या स्थानांप्रमाणे पहिला १ ‘मध्य’ या घरात बसतो. परार्ध एकच घर पुढे. व्यवहारात सांगायचं तर १२३४५६७८९८ कोटी ७६ लाख ५४ हजार ३२१.

एवढी मोठी संख्या, पण जन्म साधा. नऊ वेळा १ लिहा आणि त्या संख्येचा वर्ग करा. लहान रूप पाटीवर पाहा: १११ गुणिले १११. तीन ओळींत तेच १११, प्रत्येक ओळ एक घर डावीकडे सरकलेली. उभ्या बेरजा १, २, ३, २, १, उत्तर १२३२१. नऊ एकांच्या गुणाकारात मधल्या रांगेची बेरीज बरोबर ९ येते. हातचा घ्यावाच लागत नाही, म्हणून शिडी चढते तशीच उतरते.

अशा संख्यांना ‘डेम्लो’ हे नाव दिलं दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांनी. जन्म डहाणूचा, १९०५चा. नोकरी देवळालीच्या शाळेत मास्तरकीची. जीआयपी रेल्वेच्या डेम्लो, म्हणजे आजच्या डोंबिवली स्थानकावर ही कल्पना सुचली, म्हणून ते नाव. स्टेशनचं नाव संख्येला देणारा गणिती मला तरी दुसरा माहीत नाही. त्यांच्या कामाला पोरखेळ म्हणणारेही होते. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा जगभर नाव झालं.

कापरेकरांच्याच कसोट्या या संख्येला लावू. अंकांची बेरीज ८१, आणि ८१ने ती नि:शेष भागली जाते, म्हणजे ‘हर्षद’. ‘स्वयंभू’ आहे का? एखादी संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज मिळून जी तयार होत नाही, ती स्वयंभू. मी कागद घेऊन बसलो. १२३४५६७८९८७६५४२४० या संख्येच्या अंकांची बेरीज ८१. ती मिळवली की आपलीच संख्या हजर. जनक सापडला, तोही एकुलता एक. स्वयंभूपण गेलं.

वर्ग दोन तुकड्यांत मोडून त्यांची बेरीज केली की मूळ संख्या परत यावी, ही ‘कापरेकर संख्ये’ची अट. ती मूळ नऊ एकांना लावू. १२३४५६७८ आणि ९८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९९. हवे होते नऊ एके, आले नऊ नव्वे! नापास, पण काय थाटात. गंमत म्हणजे ९९९९९९९९९ ही स्वतः कापरेकर संख्या आहे: तिचा वर्ग ९९९९९९९९८००००००००१, आणि ९९९९९९९९८ अधिक १ म्हणजे पुन्हा तीच.

हे सगळे गुण मात्र दशमान लेखनाचे. दोनच्या पायावर लिहिली तर शिडीही मोडते आणि अंकांची बेरीजही बदलते. बदलत नाहीत ते अवयव: ३चा चौथा घात, ३७चा वर्ग आणि ३३३६६७चा वर्ग. त्यावरून विभाजक ४५. वर्गसंख्या असल्यामुळे ते विषमच. माझ्या मते संख्येचं कुळ इथे कळतं, वर दिसलं ते रूप. पण अवयवांपर्यंत मला रूपानेच ओढून नेलं, हेही कबूल करतो.

सुटीत घरातल्या पाचवी-सहावीच्या मुलाला एक एका वाढवून, दहा एकांचा वर्ग करायला सांगा. मधल्या रांगेत बेरीज १० होते, हातचा येतो आणि उत्तर निघतं १२३४५६७९००९८७६५४३२१. चढताना आठ गायब. तो कुठे गेला, हे त्यालाच शोधू द्या.