एका अणूचा फरक

सेरीन आणि अ‍ॅलनिन या दोन अमिनो आम्लांत फरक आहे तो एका ऑक्सिजन अणूचा. सेरीनकडे तो असतो म्हणून त्याला फॉस्फेट चिकटू शकतो, अ‍ॅलनिनला नाही. डॉ. सोराब दलाल यांच्या संशोधनातला पहिला मोठा धागा या फरकापाशी सापडतो. आज खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये, म्हणजे टाटा मेमोरियल सेंटरच्या संशोधन संकुलात, त्यांची प्रयोगशाळा आहे. पण हा धागा हाती लागला तो बोस्टनला, डाना-फार्बर कर्करोग संस्थेत जेम्स डिकॅप्रियो यांच्याबरोबर काम करताना.

पेशीला दुभंगायचं असेल तर सीडीसी-२५-सी नावाच्या प्रथिनाने सीडीके-१ या विकरावरचे फॉस्फेट काढून त्याला जागं करावं लागतं. ते वेळेआधी होऊन चालत नाही. डीएनए तुटलेला असताना पेशी दुभंगली, तर बिघाड पुढच्या पिढीत जातो. म्हणून एरवी सीडीसी-२५-सीच्या २१६ क्रमांकाच्या सेरीनवर फॉस्फेट लागलेला असतो आणि तो पाहून १४-३-३ नावाचं दुसरं प्रथिन येऊन त्याला धरून ठेवतं. (१४-३-३ या आकड्यांत काही गूढ नाही. १९६७ मध्ये मूर आणि पेरेझ यांनी गायीच्या मेंदूतली प्रथिनं वेगळी केली, तेव्हाचे ते अनुक्रमांक आहेत.) १९९९ मध्ये दलाल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सीडीसी-२५-सी एरवी केंद्रकाबाहेर असतं, पण १४-३-३ला ते धरताच येऊ नये असा बदल त्यात केला, म्हणजे त्या सेरीनच्या जागी अ‍ॅलनिन बसवलं, की ते केंद्रकातही दिसू लागतं. पेशीतला निरोप बऱ्याचदा असाच असतो: कोण कुठे आहे, एवढ्यावरच सगळं ठरतं.

माणसात १४-३-३ची सात भावंडं आहेत आणि ती दिसायला इतकी सारखी, की एकाची जागा दुसरं सहज घेईल असं वाटावं. खारघरमधलं पुढचं बरंचसं काम या समजुतीला सुरुंग लावणारं आहे. २००८ मध्ये दलाल यांच्या गटाने दाखवलं, की गॅमा नावाचं भावंड कमी केलं तर डीएनएला इजा झाल्यावरही पेशी नीट थांबत नाही. म्हणजे उरलेली भावंडं असूनही उणीव भरून निघत नाही. पुढच्याच वर्षी, त्याच संकुलातल्या डॉ. प्रसन्ना वेंकटरामन यांच्या साथीने, एप्सिलॉन या भावंडातली एक खाच सापडली. सीडीसी-२५-सीशी त्याची गाठ पडते ती या खाचेमुळे. असल्या शोधाची पहिल्या पानावर बातमी होत नाही. माझ्या मते मात्र जीवरसायनशास्त्राची खरी मेहनत अशाच ठिकाणी दिसते.

२०१६ मध्ये गॅमाचा आणखी एक पैलू पुढे आला. ते नसलं की पेशीत सेंट्रोसोम जास्त होतात. गुणसूत्रं ओढणारे धागे या सेंट्रोसोमपासूनच निघतात, त्यामुळे ते जास्त झाले की वाटणी बिघडायची शक्यता वाढते. मुळाशी पुन्हा तेच, लगाम सुटलेलं सीडीसी-२५-सी.

गंमत अशी, की विभाजन थांबवणारं हे गॅमा पूर्ण वेगळी चाकरीही करतं. शेजारच्या पेशी डेस्मोसोम नावाच्या सांध्यांनी जोडलेल्या असतात, गोधडीचे थर टाक्यांनी धरावेत तशा. या सांध्यातलं प्लाकोग्लोबिन पेशीच्या कडेपर्यंत पोहोचवायला गॅमा लागतं, हे २०१४ मध्ये दिसलं. वाहतूक करते केआयएफ-५-बी ही रेणवीय मोटर, सूक्ष्मनलिकांच्या रुळांवरून. आतड्याच्या कर्करोगाच्या एचसीटी-११६ पेशींत आणि उंदराच्या वृषणात गॅमा कमी केल्यावर पेशींची पकड सैल झाली, वृषणाची रचना विस्कटली, शुक्राणू घडण्यात अडचण आली. मोटर कमी केली तेव्हाही जवळपास तोच बिघाड.

टाके उसवणं कर्करोगात क्षुल्लक नाही. सांध्यातलंच प्लाकोफिलिन-३ घटवलं, की पेशींची चिकटण्याची क्षमता कमी होते आणि रोगप्रसाराला चालना मिळते, हे याच गटाने २००८ मध्ये मांडलं होतं. त्यामुळे १४-३-३ला सरसकट अडवणारं औषध हा मोहात पाडणारा विचार असला, तरी त्यात धोका उघड आहे: एका बाजूला विभाजनाचा लगाम सुटेल आणि दुसरीकडे टाकेही सुटतील. आधी कोणतं भावंड कोणत्या प्रथिनाला कोणत्या खाचेत धरतं, हे एकेक करून तपासावं लागेल.