जुनी घोंगडी टाकू नका

थंडीत आमच्या पिंपळगाव बसवंतला पहाटे फार गारठा पडतो. निफाड तालुक्याची थंडी साऱ्या जिल्ह्याला ठाऊक आहे. अशा वेळी घरात घोंगडी हवी, गोधडी हवी. पण घोंगडीला चार भोकं पडली, की आपण ती उकिरड्यावर टाकतो. असं करू नये.

घोंगडी ऊब देते, म्हणजे काय करते? तिच्यात काही विस्तव नसतो. ऊब असते ती आपल्याच अंगाची. मेंढीच्या लोकरीचे केस कुरळे असतात. त्यांच्यात हवा अडकून राहते. ही हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. गोधडीचंही तसंच. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून शिवतात. थराथरांत हवा कोंडते.

मग फाटकी घोंगडी गोधडीच्या पोटात का घालू नये? घोंगडीचा धड भाग कापून घ्या. तो आधी थंड पाण्यात धुवा. लोकर गरम पाण्यात टाकली किंवा चोळली, की आटते. शिवल्यावर आटली, तर गोधडीला चुण्या पडतात. म्हणून आधी धुवा. सावलीत वाळवा. खाली-वर जुन्या लुगड्याचा मऊ कपडा घ्या, म्हणजे लोकर अंगाला टोचत नाही. मग कडेपासून आत टाके घालत जा.

लोकरीला कसर लागते. बारीक पाखरू लोकरीत अंडी घालतं. पाखरू लोकर खात नाही, त्याच्या अळ्या खातात. घामट, मळकी लोकर आणि अंधारी जागा त्यांना आवडते. म्हणून घोंगडी स्वच्छ करूनच ठेवा. मधून मधून उन्हात घालून झटका.

जुन्या लोकरीची किंमत दुसऱ्यांनी केव्हाच ओळखली. इंग्लंडात बॅटली गावी बेंजामिन लॉ याने 1813 साली लोकरी चिंध्या पिंजून नवं कापड काढलं. आपल्याकडे पानिपतच्या गिरण्यांनी जुन्या लोकरी कपड्यांची कांबळी केली. म्हणजे लोकांनी टाकलेलं कापड लोकांनीच पुन्हा विकत घेतलं!

आपल्याला गिरणी नको. सुई-दोरा पुरे. एका फाटक्या घोंगडीत घरातलं म्हातारं माणूस थंडीभर सुखानं झोपेल. नवं पांघरूण आणायच्या आधी घरातली जुनी वळकटी सोडून बघा.