गोधडीनं शिकवलेली चित्रकला

लग्न होऊन जळगावहून धुळ्याला आले, त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या दिवाळीची गोष्ट. घराची साफसफाई काढली होती. माळ्यावर एक जुनी गोधडी सापडली. सासूबाईंच्या आईनं शिवलेली. कडा विरलेल्या, दोन ठिकाणी ठिगळं. तेवढ्यात दारात बोहारीण आली. मी दोन जुन्या साड्या, मुलांचे कपडे आणि ती गोधडी तिच्यापुढे टाकली आणि झाकणाचा स्टीलचा डबा घासाघीस करून मिळवला. केवढा आनंद झाला होता मला!

चार दिवसांनी सासूबाईंनी विचारलं, "अगं, माळ्यावरची ती नऊवारीची गोधडी दिसत नाही कुठं?" मी खरं ते सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत. "असू दे, जुनीच होती," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तो डबा अजून माझ्या स्वयंपाकघरात आहे. त्यात मी तूरडाळ ठेवते.

मैत्रिणींनो, हे आज आठवायचं कारण म्हणजे आमचा बचत गट. आमच्या वस्तीतल्या बायका दुपारच्या वेळी गोधड्या शिवतात. दोन वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्यानं अकरा गोधड्या पाहिल्या, उलट्यापालट्या केल्या आणि म्हणाला, "जुन्या कपड्यांच्याच तर आहेत. अडीचशेच्या वर एक पैसा नाही." एकेक गोधडी महिना-महिना खपून शिवलेली. तरी आमच्यापैकी एकीलाही त्याला उत्तर देता आलं नाही. "मेहनत लागते हो," एवढंच सगळ्या म्हणत राहिल्या. तो म्हणाला, "मेहनत तर हमालालाही लागते." अकराच्या अकरा गोधड्या त्यानं अडीचशेनं नेल्या.

त्या रात्री मला झोप आली नाही. वाटलं, या बायकांच्या हातात कला आहे, पण ती सांगायला तोंडात शब्द नाहीत. आणि खरं सांगू? मी बी.ए. झालेली, माझ्याकडे तरी कुठं होते? असते तर ती गोधडी बोहारणीच्या गाठोड्यात गेली असती का?

ओळखीतल्या एका निवृत्त चित्रकला शिक्षकांना गटात बोलावलं. सर आले ते पुस्तक न घेता. पहिल्याच दिवशी एक बाई म्हणाली, "काय समजस आमले, सर! आमी काय शाळामां चित्र काढेत?" सर हसले आणि म्हणाले, "रांगोळी कशी काढता ते सांगा." सगळ्या एकदम बोलायला लागल्या. आधी ठिपके, मग ठिपक्याला ठिपका जोडायचा, मग आकार तयार होतो, मग त्यात रंग भरायचा. सर म्हणाले, "झालं! चित्रकलेचे पहिले चार धडे तुम्ही मला शिकवलेत. बिंदू, रेषा, आकार आणि रंग."

चित्रकलेचे मूलघटक म्हणतात ते हेच. बिंदू फिरत गेला की रेषा होते. रेषेलाही स्वभाव असतो. आडवी रेषा शांत, शेताच्या बांधासारखी. उभी रेषा ताठ, देवळापुढच्या दीपमाळेसारखी. तिरपी रेषा धावती, पावसाच्या सरीसारखी. वळणाची रेषा लाडिक. रेषा स्वतःला येऊन मिळाली की आकार होतो. भाकरी गोल, शंकरपाळं चौकोनी. त्या आकाराला जाडी आली, उजेड-सावली आली की त्याला घनाकार म्हणायचं. भाकरी आकार, तर नारळ घनाकार.

रंगाचं बायकांना काय सांगायचं! साडीच्या दुकानात आपण तासभर काय करतो? हिरव्या अंगाला लाल काठ उठून का दिसतो, हे आपल्याला डोळ्यांनी कळतं. रंगचक्रात लाल आणि हिरवा समोरासमोर बसतात, म्हणून ते एकमेकांना उठाव देतात. निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा. आणि एकाच रंगात पांढरा किंवा काळा मिसळला की त्याच्या फिक्या-गडद छटा तयार होतात.

पुढचा घटक पोत. पोत म्हणजे हाताला आणि डोळ्याला जाणवणारा पृष्ठभाग. आपल्या खानदेशी मांड्याचा पोत तलम, कळण्याच्या भाकरीचा खरबरीत. गोधडीवरचा धावदोरा तिला पोतच तर देतो. साधं सुती कापड, पण टाके पडले की त्यावर बारीक लाटा उमटतात.

शेवटचा घटक मला स्वतःला सगळ्यात उशिरा कळला. तो म्हणजे अवकाश. मोकळी जागा. चित्रात जे काढलेलं नाही, तेही चित्रच असतं. मी हौसेनं एक गोधडी शिवली होती. सतरा रंग, सगळीकडे तुकडेच तुकडे. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईंना आम्ही मोठी माय म्हणतो. त्यांनी ती पाहिली आणि म्हणाल्या, "डोयाले बसाले जागा पाहिजे ना, ताई!" सर म्हणाले, "मायनं जे सांगितलं, ते समजायला आमच्या विद्यार्थ्यांना वर्ष लागतं."

हे झाले घटक. म्हणजे आपल्या भाषेत पीठ, मीठ, तिखट, तेल. पण नुसतं सामान काढून ठेवलं म्हणजे स्वयंपाक होत नाही. ते किती, कशात, कधी घालायचं त्याचे नियम असतात. चित्रात त्यांना रचनेची तत्त्वं म्हणतात.

पहिलं तत्त्व तोल. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई बसते. मधे नारळाची कानबाई, दोन्हीकडे सारख्या समया, सारखी सजावट. हा झाला दोन बाजू सारख्या असलेला तोल. पण तोल दुसऱ्या तऱ्हेनंही साधतो. एकीकडे एक मोठा तुकडा आणि दुसरीकडे चार लहान, तरी गोधडी एका अंगाला कललेली वाटत नाही.

दुसरं तत्त्व लय. एकच गोष्ट ठरावीक अंतरानं पुन्हा पुन्हा आली की लय तयार होते. धावदोऱ्यात ती आहे, रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांच्या ओळींत आहे, जात्याच्या घरघरीत आहे. आसोद्याच्या आपल्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती, पण लय किती पक्की होती ते मी काय सांगावं! त्यांची गाणी टिकली, कारण ती कुणीतरी लिहून ठेवली. आपल्या हातातलंही असंच ओळखून, नाव देऊन ठेवायला हवं.

पुढे प्रमाण, विरोध, संवाद आणि प्राधान्य. प्रमाण म्हणजे कशाला किती जागा. विरोध म्हणजे काळ्याशेजारी पांढरं, खरबरीताशेजारी मऊ. संवाद म्हणजे शेजारचे रंग एकमेकांशी भांडत नाहीत. प्राधान्य म्हणजे नजर आधी कुठं जावी ते ठरवणं. आणि हे सगळं जमलं की येते ती एकसंधता, म्हणजे तुकडे शंभर, पण गोधडी एक.

हे विचार आपल्याकडे नवे नाहीत. कामसूत्रावर यशोधरानं लिहिलेल्या जुन्या संस्कृत टीकेत चित्राची सहा अंगं दिली आहेत: रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजना, सादृश्य आणि वर्णिकाभंग. म्हणजे रूपांतला फरक ओळखणं, माप सांभाळणं, भावना उतरवणं, सौंदर्य आणणं, हुबेहूबपणा आणि रंगांची हाताळणी. नावं जड आहेत, पण गोष्टी त्याच.

गेल्या जानेवारीत गटाची सहल अजिंठ्याला नेली. जळगावहून ६० किलोमीटरच्या आसपास. सोमवारी लेणी बंद असतात, हे लक्षात ठेवा. आम्ही नेमका सोमवारच ठरवला होता, ऐनवेळी बदलावा लागला! फर्दापूरच्या फाट्यावर गाडी ठेवून तिथल्या बसनं लेण्यांपाशी जायचं. पहिल्याच क्रमांकाच्या लेण्यात पद्मपाणीचं चित्र आहे, पाचव्या शतकातलं. दगडाच्या भिंतीवर माती आणि भाताचा तूस वगैरे कालवून गिलावा, त्यावर पातळ पांढरा थर आणि त्यावर रंग. तांबडी आणि पिवळी माती, हिरवा दगड, काजळी, चुना. निळा मात्र लाजवर्दी दगडाचा, थेट अफगाणिस्तानाकडून आलेला.

सरांनी काहीच सांगितलं नाही. "बघा आणि तुम्हीच सांगा," म्हणाले. एक म्हणाली, "बाकीचे लहान आणि हा एवढा मोठा, म्हणून नजर आधी त्याच्यावरच जाते." प्राधान्य! दुसरी म्हणाली, "मान, कंबर, पाय, तिन्हीकडे वळण आहे, तरी पडेल असं वाटत नाही." तोल! तिसरी म्हणाली, "भुवईची रेघ एका दमात ओढलीये." मोठी माय कितीतरी वेळ छताकडे बघत राहिल्या. छतावर चौकोनाचौकोनांत फुलं, फळं, पक्षी रंगवलेले आहेत. हळूच म्हणाल्या, "हाई ते आमले येस ना!" त्या वाक्यानं माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

आपल्या खानदेशात चाळीसगावला केकी मूस म्हणून मोठे छायाचित्रकार होऊन गेले. जन्म १९१२चा, मृत्यू १९८९चा. इंग्लंडमध्ये छायाचित्रण शिकून आलेला हा माणूस जवळपास ५० वर्षं आपल्या बंगल्याबाहेर फारसा पडलाच नाही. घरातल्या टेबलावर लहानसहान वस्तू मांडायच्या, उजेड असा पाडायचा की फोटोत ते खरंखुरं दृश्य वाटावं, ही त्यांची खासियत. घराबाहेर पडायला मिळत नाही म्हणून आपण बायका किती कुरकुरतो! ते तर स्वतःच्या मर्जीनं आत राहिले, हा फरक आहेच. पण उजेड, सावली आणि मांडणी समजली की एक टेबलही पुरतं, एवढं त्यांच्याकडून घेण्यासारखं आहे.

मग पुढच्या प्रदर्शनात काय झालं? आम्ही गोधडीची किंमत ९०० रुपये लावली. गिऱ्हाईक म्हणालं, "जुन्या कपड्यांची ना?" आमची एक मैत्रीण शांतपणे म्हणाली, "हो, जुन्याच साड्या. पण हा लाल तुकडा मी एकाच जागी ठेवलाय, बघा. बाकी सगळीकडे शांत रंग आहेत, म्हणून तो उठतो. आणि टाके मोजा, अंतर सगळीकडे सारखं आहे." ती बाई खाली वाकली. हात फिरवून बघू लागली. गोधडी गेली. सगळ्याच गेल्या असं नाही. अकरांपैकी सहा विकल्या, पाच परत आल्या. पण परत आलेल्या पाच कुणी अडीचशेला देऊन टाकल्या नाहीत.

तुमच्या घरातलं मूल शाळेत एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट चित्रकला परीक्षेला बसत असेल, तर "अभ्यास सोडून हे काय?" म्हणू नका. त्याच्या शेजारी बसा आणि विचारा, हा रंग इथंच का? उत्तर ऐकून चकित व्हाल. आणि माळा आवरताना जुनं काही सापडलं, तर टाकायच्या आधी ते अंगणात उजेडात पसरा. घटक शोधा, तत्त्वं शोधा. मगच ठरवा.

सासूबाई आता नाहीत. परवा मी वही घेऊन बसले आणि ती गोधडी आठवेल तशी काढून पाहिली. मधे गडद हिरवा चौकोन, भोवती जांभळ्या लुगड्याची पट्टी, कडेला मळकट पांढरं. हिरव्याच्या एका कोपऱ्यात छोटासा पिवळा तुकडा होता. तेव्हा मला वाटलं होतं की कापड कमी पडलं म्हणून ठिगळ लावलंय. आता कळतं, तो तिथं मुद्दाम ठेवलेला होता.