कुलवृत्तांतात न सापडणारे घर

घराण्याचा शोध घ्यायचा म्हटले की आपण आधी कुलवृत्तांत उघडतो. त्यात मूळ पुरुषापासूनची वंशावळ मिळते, पण ती बहुतेक पुरुषांची. घरावर कर्ज किती होते, विधवा काकूच्या पदरात काय पडले, हे कळायला मृत्युपत्रे, वाटणीपत्रे आणि जिनसांच्या याद्याच वाचाव्या लागतात.

आपल्याकडे जुनी मृत्युपत्रे कमी आढळतात, याचे एक मोठे कारण धर्मशास्त्रात आहे. मिताक्षरा या ग्रंथाप्रमाणे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाचा हक्क जन्मापासूनच असतो. बापाने एकट्याने लिहून द्यावे असे फारसे उरतच नसे. घर विभक्त झाले की वाटणीपत्र व्हायचे, पोटी मूल नसले की दत्तकपत्र. मुंबई शहरात 1870च्या हिंदू विल्स ॲक्टनंतर मात्र मृत्युपत्र लेखी आणि साक्षीदारांच्या सह्यांचे असणे आवश्यक ठरले.

मोडी लिपीतले वाटणीपत्र सावकाश वाचावे. हंडे, घागरी, पराती, गंगाळे वजनासह येतात. फुटके भांडेही सुटत नाही, कारण तांब्याला तांबे म्हणून किंमत होती. विहिरीच्या पाण्याची पाळी, फणसाचे झाड, देवपूजेची पाळी, सावकाराचे देणे, सगळ्यांचे वाटे पडतात. शेवटी साक्षी असतात. लिहिता न येणाऱ्या कुणब्याने नांगराची निशाणी केलेली असते, बाईच्या नावापुढे बांगडी काढलेली असते. वंशावळीत जिला जागा मिळाली नाही, ती बाई इथे बांगडीच्या त्या छोट्या वर्तुळाने हजर असते. मला हा या कागदांचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो.

यादीत नथ, पाटल्या, ठुशी दिसली नाही म्हणून घर गरीब होते असे लगेच ठरवू नये. स्त्रीधन वाटणीत धरत नसत, त्यामुळे अंगावरचे दागिने यादीबाहेर राहत. यादीत काय नाही आणि का नाही, हे कळायला त्या काळचा कायदा ठाऊक हवा.

मृत्युपत्रातून माणसाची इच्छा कळते, ती पार पडली की नाही हे कळत नाही. महात्मा फुल्यांनी 1887 साली मृत्युपत्र केले. दत्तकपुत्र यशवंत लायक निघाला नाही, तर मिळकत शूद्र मानल्या गेलेल्या जातींतल्या हुशार मुलाकडे जावी, अशी तरतूद त्यात होती. आपले दफन व्हावे अशीही त्यांची इच्छा होती. 28 नोव्हेंबर 1890 रोजी ते गेले, तेव्हा परवानगी न मिळाल्याने दहनच करावे लागले. मृत्युपत्राइतकेच त्यानंतर घडलेलेही शोधावे लागते, ते यासाठी.

गोव्याची गोष्ट वेगळी. तिथे पोर्तुगीज दिवाणी संहिता 1870पासून लागू झाली. पतिपत्नींची मिळकत सर्वसाधारणपणे सामाईक, मुलींनाही वारसा, आणि मुले असतील तर मृत्युपत्राने निम्मीच मिळकत हवी तशी देता येते. मृत्यूनंतर न्यायालयापुढे मिळकतीची रीतसर इन्व्हेंटरी होते. त्यामुळे गोव्याच्या कागदांत लेकीसुना नावानिशी भेटण्याची शक्यता जास्त.

आपल्या घराण्याचे मृत्युपत्र नोंदवलेले असेल, तर ते उपनिबंधक कार्यालयात पुस्तक क्रमांक 3 मध्ये असते. दत्तक घेण्याचे अधिकारपत्रही त्याच पुस्तकात नोंदतात. करून देणारा हयात असेपर्यंत नक्कल त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो गेल्यावर कुणीही अर्ज करू शकतो. नाव आणि अंदाजे वर्ष मात्र हाताशी हवे. कागदावर शक असेल तर त्यात 78 मिळवा, इसवी सनाचे वर्ष मिळेल. 1 जानेवारीनंतर फाल्गुनाअखेरपर्यंतच्या तिथीला मात्र 79 मिळवावे लागतात.

दिवाळीची साफसफाई करताना माळ्यावर मोडी कागदांचे पुडके सापडले, तर ते रद्दीत घालू नका. चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशनही करू नका. आधी फोटो काढा, मग मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आणि घरात ऐंशी ओलांडलेले कुणी असेल, तर घराण्यातल्या बायकांची नावे त्यांना आजच विचारून घ्या.